मुशीत काय टाकलंस?

कवठे येमाई

चि. बाळ,

तुझा खोलीतला सोबती येमाईच्या दर्शनाला आला होता. चहा पिता पिता बोलून गेला, की शुद्ध ॲल्युमिनियमच्या लगडी संपल्या तेव्हा तू मुशीत जुने पिस्टन टाकलेस आणि वहीत ‘शुद्ध ॲल्युमिनियम’ लिहिलंस. खरं आहे का रे? अक्काला मी काही बोललो नाही.

मामाला ॲल्युमिनियमच्या फोममधलं काय कळतं, असं म्हणू नकोस. दिवाळीत तूच सांगितलंस : रसात दीडेक टक्का कॅल्शियम घालून तो घट्ट करायचा, मग टायटॅनियम हायड्राइड, हायड्रोजन सुटतो नि धातू ढोकळ्यासारखा फुगतो. पण पिस्टनात सिलिकॉन असतं, बाराएक टक्के. शुद्ध ॲल्युमिनियमचा फोम दाबला की त्याच्या भिंती ताज्या भाकरीसारख्या दुमडतात, दाबाचा आलेख बराच वेळ सपाट चालतो. सिलिकॉनवाल्या भिंती पापडासारख्या मोडतात, रेघेला करवतीचे दाते येतात. उद्या तुझे आकडे धरून कोणी गाडीच्या बंपरमागे धक्का झेलायला तो फोम बसवला तर? वहीत काय लिहिलंस, तेवढंच मला सांग.

मी तरी कुठला हरिश्चंद्र! १९८९ साली भोसरीच्या एका फाउंड्रीत रात्रपाळीला होतो. कंटाळा केला, भंगारातले लोखंडी स्टड न काढताच सगळं रसात सोडलं. लोखंड विरघळलं की सिलिकॉनशी मिळून त्याच्या सुया होतात, माल ठिसूळ होतो. सकाळी ब्रॅकेट तडकलेले निघाले. मी गप्प बसलो. पगार कापला गेला तो हाताखालच्या पोराचा. मंचरकडचा होता. महिन्याभरात काम सोडून गेला, पुन्हा दिसला नाही. अजूनही मंचरच्या बाजारात गेलो की माझी नजर त्याला शोधते.

पिस्टन टाकलेस म्हणून मी रागावलो नाही. भोपाळच्या ॲम्प्री या संशोधन संस्थेत तर राखेतले पोकळ गोळे घालूनही फोम केलेत. पण काय घातलं ते त्यांनी लिहिलंय ना? तुकडा उरला असेल तर स्पेक्ट्रोमीटरवर धर, निघेल ते वहीत लिही. सर ओरडतील, ओरडू देत. पुन्हा ओतायला लागलं तर लगडींचे पैसे मी पाठवतो.

जेवतोस ना वेळेवर? सोबती म्हणाला, वाळलास. हुरडा तयार आहे, शनिवारी ये. संध्याकाळच्या गाडीने मात्र नको, उसात बिबट्या फिरतोय. दुपारी ये, मी फाट्यावर उभा असेन.

तुझा,
मामा