महिला गटाची सीमा आणि शांतीचं पदक

प्रश्न : पारलिंगी खेळाडूंना महिला गटात खेळू द्यावं का? शांती सौंदरराजनचं प्रकरणही हेच ना? – एक वाचक, कुंभकोणम

उत्तर : नाही, शांतीचं प्रकरण वेगळं आहे. तुमच्या तंजावरला लागून असलेल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यातली शांती मुलगी म्हणूनच जन्मली, वाढली. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत तिने ८०० मीटरमध्ये रौप्य मिळवलं आणि लिंगचाचणीनंतर ते गेलं. पारलिंगी स्त्रियांचा प्रश्न पौगंडावस्थेशी जोडलेला आहे. त्या वयात टेस्टोस्टेरॉनमुळे उंची, हाडं, स्नायू घडतात. धावण्यात स्त्री-पुरुषांत १०-१२ टक्क्यांचं अंतर पडतं. टेस्टोस्टेरॉन कमी करणाऱ्या औषधांनी हिमोग्लोबिन काही महिन्यांत उतरतं, पण स्नायूंचं बळ वर्षभरानंतरही फारसं घटत नाही, उंची तर मुळीच नाही. म्हणून पुरुषी पौगंडावस्थेतून गेलेल्यांवर जागतिक ॲथलेटिक्सने २०२३ मध्ये घातलेला निर्बंध मला रास्त वाटतो. अशा खेळाडू मोजक्याच, मग बंदी कशाला, असं विचारतात; पण अंतिम शर्यतीत जागा आठच असतात, आणि त्यातली एक कुणा मुलीच्या हातून निसटते.

हा नियम शाळेच्या मैदानावर मात्र आणू नये. चाचणी गोपनीयच हवी. शांतीचा अहवाल जगजाहीर झाला, ते क्रौर्य होतं. तिने कुणाला फसवलं नव्हतं. तिचं पदक तिला परत मिळायला हवं.