सीनिऑरिटी नंबरचं गणित
(छोट्या विमानकंपनीतून मोठ्या विमानकंपनीकडे जाताना)

मित्रांनो, इंजिनीअरिंगला प्रवेश घेतल्यावरही ज्यांचं लक्ष फळ्यापेक्षा खिडकीबाहेरच्या विमानाकडे जास्त असतं, असे दोन-चार जण प्रत्येक बॅचमध्ये सापडतात. त्यातले काही डिग्री झाल्यावर खरोखरच पायलट होतात. लायसन्स कसं मिळवायचं, खर्च किती, कुठल्या देशात जायचं याची माहिती सगळीकडे मिळते. पण लायसन्स मिळाल्यावर पुढची तीस-पस्तीस वर्षं कशी आखायची, हे सहसा कोणी सांगत नाही. या लेखात त्याचाच विचार करू. उदाहरण अमेरिकेचं घेतलं आहे, कारण छोट्या म्हणजे ‘रीजनल’ कंपन्या आणि मोठ्या म्हणजे ‘मेजर’ कंपन्या ही विभागणी तिथे सगळ्यात स्पष्ट दिसते. शेवटी आपल्याकडे काय लागू पडतं तेही पाहू.

१. रीजनल म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेत एखाद्या लहान शहरातून तुम्ही डेल्टा, युनायटेड किंवा अमेरिकन एअरलाइन्सचं तिकीट काढता. विमानावर रंगही त्याच कंपनीचा असतो. पण विमान चालवणारी कंपनी बऱ्याचदा वेगळीच असते: स्कायवेस्ट, रिपब्लिक, एन्डेव्हर, एन्व्हॉय वगैरे. मोठी कंपनी तिकिटं विकते आणि रीजनल कंपनीला उड्डाणांचे ठरलेले पैसे देते. थोडक्यात, हे एक मोठं सबकॉन्ट्रॅक्ट आहे.

या सबकॉन्ट्रॅक्टला मर्यादा घातली आहे ती मोठ्या कंपन्यांच्या पायलट युनियननी. आपली कामं स्वस्तात बाहेर जाऊ नयेत म्हणून त्यांच्या करारात ‘स्कोप क्लॉज’ असतं. रीजनलने साधारण ७६ सीट आणि ८६,००० पौंड (सुमारे ३९ टन) वजनापलीकडचं विमान चालवायचं नाही, असा त्याचा अर्थ. याचा परिणाम थेट डिझाइनवर होतो. एम्ब्रेअरने ई१७५ विमानाची नवी, कमी इंधन खाणारी ई२ आवृत्ती काढली, पण नवी इंजिनं आणि नवा पंख यांमुळे वजन या मर्यादेबाहेर गेलं आणि अमेरिकेतली मोठी बाजारपेठच बंद झाली. उलट युनायटेडसाठी २०१९ मध्ये सीआरजे-५५० आलं. मुळात ७० सीटच्या या विमानात करारामुळे फक्त ५० सीट ठेवून उरलेल्या जागेत सामानाची कपाटं बसवली. थर्मोडायनॅमिक्स आणि एरोडायनॅमिक्सच्या जोडीला युनियनचा करारही विमानाचा आकार ठरवतो, हे आपल्या सिलॅबसमध्ये नाही!

पायलटच्या दृष्टीने अर्थ सोपा आहे. रीजनलमध्ये विमानाचा आकार आणि पगार यांना छत आहे. म्हणून बहुतेक जण रीजनलला मुक्काम न मानता जंक्शन मानतात.

२. जंक्शनपर्यंतचा प्रवास

१२ फेब्रुवारी २००९ रोजी कोल्गन एअर या रीजनल कंपनीचं क्यू४०० विमान बफेलो शहराजवळ कोसळलं. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक, असे ५० जण गेले. विमानाचा वेग घटला, स्टॉलचा इशारा देणारी दांडी थरथरली आणि कॅप्टनने ती पुढे ढकलण्याऐवजी मागे ओढली, असं तपासात निष्पन्न झालं. थकव्याचा प्रश्नही पुढे आला. को-पायलट रात्रभर देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला प्रवास करून ड्यूटीवर आली होती.

यानंतर २०१० मध्ये कायदा झाला आणि २०१३ पासून को-पायलटलाही ए.टी.पी. लायसन्स सक्तीचं झालं. त्यासाठी सर्वसाधारणपणे १५०० तासांचं उड्डाण लागतं. गंमत म्हणजे, त्या अपघातातल्या दोघांकडेही १५०० पेक्षा जास्त तास होते. म्हणजे तासांचा आकडा हे प्रवेशपत्र आहे, कौशल्याचं प्रमाणपत्र नाही.

यात सवलतीही आहेत. लष्करी पायलटला ७५० तास, आणि मान्यताप्राप्त संस्थेतून चार वर्षांची एव्हिएशनची पदवी घेतलेल्याला १००० तास पुरतात. इथे आपल्या मुलांचा घोळ होतो. मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सची बी.ई. ही या सवलतीत बसत नाही. ती डिग्री इतर कारणांनी उपयोगी आहे, पण तिच्यामुळे ५०० तास वाचत नाहीत. बहुतेक जण हे तास फ्लाइंग इन्स्ट्रक्टर म्हणून शिकवून पूर्ण करतात.

३. सगळा खेळ एका नंबरचा

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे आयटीत एक कंपनी सोडून दुसरीत गेलं की अनुभव मोजला जातो आणि पगार वाढतो. विमानकंपनीत तसं नाही. तिथे रुजू झाल्याच्या तारखेवरून सीनिऑरिटी नंबर मिळतो. कुठलं विमान, कुठला बेस, कॅप्टन कधी, दिवाळीत (म्हणजे तिकडे ख्रिसमसला) सुट्टी कोणाला, हे सगळं त्या नंबरवर ठरतं. हा नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. रीजनलमध्ये दहा वर्षं कॅप्टन असलेला माणूस मेजरमध्ये गेला की यादीत सर्वांत खाली, को-पायलट म्हणून आणि बहुधा एक वर्ष प्रोबेशनवर.

मग उशिरा जाण्याची किंमत किती? एक काल्पनिक उदाहरण सोडवू. समजा एक मेजर कंपनी वर्षाला १२०० पायलट भरते आहे आणि वर्षाला ६०० निवृत्त होतात. ‘अ’ आणि ‘ब’ दोघांनाही आज बोलावणं आलं. अ लगेच गेला. ब म्हणाला, “इथे आत्ताच बरं चाललंय, दीड वर्षाने बघू.” दीड वर्षात १८०० जण ब च्या पुढे लागले. यादीत अ ज्या जागी पोहोचेल, त्याच जागी पोहोचायला ब ला आणखी १८०० जण निवृत्त व्हावे लागतील. ६०० च्या वेगाने याला लागतात तीन वर्षं. दीड वर्ष थांबलं, तीन वर्षं मागे पडलं!

भरती वर्षाला फक्त ३०० असती, तर दीड वर्षात ४५० जण पुढे गेले असते, म्हणजे पाऊण वर्षाचं नुकसान. सूत्र असं: थांबण्याचा काळ गुणिले भरतीचा वेग, भागिले निवृत्तीचा वेग. भरती जोरात असते तेव्हा थांबणं सर्वांत महाग पडतं.

आणखी एक गोष्ट लक्षात येत नाही. अमेरिकेत डिसेंबर २००७ पासून एअरलाइन पायलटचं निवृत्तीचं वय ६५ आहे, त्याआधी ते ६० होतं. शेवट ठरलेला असल्यामुळे उशिरा गेलं तर गमावलेली वर्षं सुरुवातीची, कमी पगाराची नसतात. गमावतो ती शेवटची, मोठ्या विमानाच्या कॅप्टनच्या पगाराची.

४. आधी कॅप्टन व्हावं की थेट जावं?

रीजनलमधल्या प्रत्येक को-पायलटला हा प्रश्न पडतो. तिथे कॅप्टन होण्यासाठी एअरलाइनमध्ये को-पायलट म्हणून साधारण १००० तास लागतात. मेजर कंपन्यांच्या मुलाखतीत जेट किंवा टर्बोप्रॉपवरचे कॅप्टनचे १००० तास ही पूर्वापार मानाची पाटी आहे. वर्षाला ७०० तास उडायला मिळालं तर हे दोन टप्पे मिळून जवळपास तीन वर्षं होतात. पण नवा कॅप्टन कॅप्टनांच्या यादीत पुन्हा तळाला जातो, म्हणजे ‘रिझर्व्ह’वर फोनची वाट बघत बसतो. त्या काळात वर्षाला ४०० तास होणंही मुश्कील.

भरती तेजीत असताना मेजर कंपन्या कॅप्टनचे तास नसलेल्यांनाही बोलावतात, जसं २०२१ नंतरच्या दोन-तीन वर्षांत झालं. २०२४ मध्ये भरती मंदावली, आणि अशा वेळी तीच पाटी पुन्हा मोलाची ठरते. म्हणून व्यवहारी नियम असा: बोलावणं आलं तर कॅप्टनच्या पट्टीसाठी थांबू नका, बोलावणं येत नसेल तर रिकामं न बसता कॅप्टन व्हा.

अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या एन्व्हॉय, पीडमाँट, पीएसए या कंपन्यांतून ‘फ्लो’ नावाची व्यवस्था आहे. आपला नंबर आला की मुलाखतीशिवाय वर जाता येतं. हा विमा आहे, पण रांग किती वेगाने सरकेल ते वरची भरती ठरवते. फ्लो असला तरी बाकीच्या कंपन्यांत अर्ज चालू ठेवावा.

५. वाईट काळाची तयारी

विमानकंपनी अडचणीत आली की शेवटी आलेला सर्वांत आधी घरी जातो. याला ‘फर्लो’ म्हणतात: पगार बंद, पण परत बोलावण्याचा हक्क शाबूत. सप्टेंबर २००१ नंतर अनेकांना अशी कित्येक वर्षं काढावी लागली. २००१ मध्येच अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए विकत घेतली तेव्हा टीडब्ल्यूएच्या कित्येक अनुभवी पायलटांना एकत्रित यादीच्या तळाशी टाकलं गेलं आणि पुढच्या कपातीत त्यांनाच घरी बसावं लागलं. २०२० मध्ये ट्रान्स स्टेट्स, कंपास आणि एक्सप्रेसजेट या तीन रीजनल कंपन्यांचं उड्डाणच थांबलं.

यातून तीन गोष्टी शिकायच्या. पहिली, निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय मोठं कर्ज काढू नका. दुसरी, कंपनी निवडताना फक्त पगार न बघता पुढच्या दहा वर्षांत तिथले किती पायलट ६५ चे होतात ते बघा. तिसरी, इंजिनीअरिंगची डिग्री पूर्ण करा. डेल्टाने २०२२ मध्ये पदवीची सक्ती काढली, पण वाईट काळात दुसरं काम करता येणं याला तोड नाही.

६. कागद स्वच्छ ठेवा

लॉगबुक हे पायलटचं मेजरमेंट रेकॉर्ड आहे. लॅब जर्नलमध्ये आपण रीडिंग ‘जुळवतो’, ती सवय इथे अजिबात चालत नाही. प्रत्येक पानाची बेरीज दर महिन्याला तपासा आणि इलेक्ट्रॉनिक प्रत वेगळी ठेवा. अमेरिकेत आता प्रशिक्षण आणि चाचण्यांचा सरकारी डेटाबेस आहे. नवी कंपनी तो पाहतेच. कोल्गनच्या कॅप्टनने अर्जात आधीच्या सगळ्या नापास चाचण्या सांगितल्या नव्हत्या, हेही त्या तपासात उघड झालं होतं. नापास झालेली एखादी चाचणी नोकरी घालवत नाही. लपवलेली चाचणी नक्की घालवते. मुलाखतीत विचारतात तेच: काय चुकलं आणि नंतर काय बदललं?

७. आणि आपण?

अमेरिकेतल्या मेजर कंपन्यांना तिथे काम करण्याचा कायदेशीर हक्क असलेला माणूस लागतो. तिथे शिकून विद्यार्थी व्हिसावर नोकरी मिळेल, असं कोणी एजंट सांगत असेल तर सावध राहा. बहुतेकांना परत येऊन डीजीसीएचं लायसन्स घ्यावं लागतं. त्याआधी, पहिला रुपया भरण्यापूर्वी, क्लास वन मेडिकल करून घ्या.

आपल्याकडे रीजनल म्हणजे मुख्यतः एटीआर ७२. इंडिगोसारख्या कंपनीत एटीआर आणि एअरबस दोन्ही असल्यामुळे बदल कंपनीच्या आतच होऊ शकतो. नुसतं एटीआर चालवणाऱ्या कंपनीतून बाहेर पडावं लागतं. सही करण्यापूर्वी बाँड आणि नोटिस पिरियड वाचा. डीजीसीएने २०१७ मध्ये को-पायलटसाठी सहा महिने आणि कमांडरसाठी एक वर्ष नोटिस ठरवली होती, म्हणजे आपल्या सूत्रातला ‘थांबण्याचा काळ’ तुमच्या हातात नसू शकतो. आणि कंपनी मोठी म्हणजे कायमची असंही नाही. किंगफिशर २०१२ मध्ये आणि जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये थांबली, तेव्हा चाळिशी-पन्नाशीतल्या कमांडरांना दुसरीकडे नव्याने सुरुवात करावी लागली.

तेव्हा मित्रांनो, विमान उडवायचं स्वप्न जरूर बघा. फक्त त्याच्या शेजारी एक कागद ठेवा. त्यावर आपलं वय, ६५ पर्यंत उरलेली वर्षं, जमलेले तास आणि शिल्लक कर्ज एवढे चार आकडे लिहा आणि दर सहा महिन्यांनी नवे भरा. निर्णय घेण्याची वेळ येईल तेव्हा हा कागद मित्रांच्या सल्ल्यापेक्षा जास्त कामाला येईल.