नवी लाइन टाकण्याआधी

वेंगुर्ला-कुडाळ पट्ट्यातल्या काजू कारखानदारांचे हिशेब मी बघतो. त्यातला एक चांगला चाललेला कारखाना नवी लाइन टाकल्यावर गणपतीनंतर थांबला. यंत्रं नवीकोरी, मालाला मागणी, पण फोडायला बी नाही. हप्ते थकल्यावर प्रकल्प अहवाल माझ्यासमोर आला. खर्च कमी धरले होते म्हणावं, तर तसंही नव्हतं. भलतेच धरले होते.

जुना बॉयलर पडून होता, त्याची 6 लाख ही खरेदी किंमत नव्या प्रकल्पात लावलेली. ते पैसे केव्हाच गेले. लाइन टाका वा टाकू नका, परत येणार नाहीत. भंगारवाला मात्र त्याचे 90 हजार देत होता. बॉयलर वापरायचा तर त्या 90 हजारांवर पाणी सोडावं लागतं, म्हणून तेवढेच धरायचे. हिशेबनिसाचा निम्मा पगारही नव्या लाइनीवर टाकलेला, आणि पगार एका रुपयानेही वाढणार नव्हता! उलट शेड ‘घरचीच’ म्हणून शून्य. ती महिना 12 हजार भाड्याने दिलेली होती. वर्षाला 1 लाख 44 हजार यायचे थांबले, पण त्याचं बिल कोणी पाठवत नाही, म्हणून कागदावर ते आलंच नाही.

खरा घाव बसला तो बीच्या पैशात. आपल्याकडची बी साधारण मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंत मिळते आणि कारखाना वर्षभर चालवायचा असतो. रोज 500 किलो, 250 दिवस म्हणजे 125 टन. किलोला 140 रुपये धरले तरी 1 कोटी 75 लाख. सगळी बी हंगामात भरली आणि वर्षभर सारखी वापरली, तर सरासरी निम्मी रक्कम गुंतून राहते. 10 टक्क्यांनी तिचं व्याजच वर्षाला पावणेनऊ लाख. यंत्रं होती 30 लाखांची. अहवालात यंत्रांची तीन कोटेशनं जोडलेली आणि बीसाठी ‘खेळतं भांडवल’ अशी एक ओळ, तीही एका महिन्याची. हंगाम संपल्यावर आफ्रिकेची बी घ्यायची म्हटलं तरी रोकड लागतेच.

गोदामात आधीची स्वस्त बी असेल तर तीही जुन्या भावाने धरू नका. ती वापरली की आजच्या भावाने पुन्हा भरावी लागणार.

माणसांचंही तसंच. हात बसलेल्या चार बायका जुन्या लाइनीवरून नव्या लाइनीवर नेल्या की जुन्या लाइनीवर तुकडा वाढतो. अख्खा गर आणि तुकडा यांच्या भावातला फरक नव्या लाइनीच्या नावेच लिहायला हवा. नवख्या हातांचे पहिले काही महिनेही त्यात आलेच. विजेचा वाढीव भार आणि त्याची अनामत धरायला विसरू नका.

घसारा रोखीच्या अंदाजपत्रकात घेऊ नका. त्याने वाचणारा आयकर तेवढा घ्या. यंत्रांवरच्या जीएसटीची वजावट मिळणार असेल तर तो खर्च नव्हे, पण वजावट होईपर्यंत पैसे अडकतात.

आणि सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या पीएमएफएमई योजनेतलं अनुदान, 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख, बी खरेदीच्या पैशात मिळवू नका. ते कर्जाशी जोडलेलं असतं आणि बँकेत तीन वर्षं वेगळं ठेवलं जातं. एप्रिलमध्ये बागायतदार वजनकाट्याजवळ उभा असतो तेव्हा ते हातात नसतं.