ईमेलचे सत्र अवेळी संपणे : कारणांचा शोध व उपाय

शाळेचा पत्रव्यवहार आता बहुतांशी ईमेलने करावा लागतो. पटसंख्येचे तक्ते, शिष्यवृत्तीच्या याद्या, पोषण आहाराचे हिशेब ही सर्व कागदपत्रे याच मार्गाने जातात. हे काम चालू असता एक अडचण वारंवार येते, अशी अनेक शिक्षकांची तक्रार आहे. मजकूर लिहून, यादी जोडून 'पाठवा' हे बटण दाबावे, तोच पडद्यावर पुन्हा परवलीचा शब्द मागितला जातो. आणि परत आत जावे तर लिहिलेले पत्र नाहीसे झालेले असते. शेवटच्या तारखेस सायंकाळी असे घडले तर ती केवळ गैरसोय राहत नाही. एखाद्या मुलीची शिष्यवृत्ती त्या वर्षापुरती हातची जाते. यास्तव या दोषाचे मूळ कसे शोधावे, याचा विचार प्रस्तुत पाठात करू.

'सत्र' म्हटले की आपणां शिक्षकांस प्रथम सत्र व द्वितीय सत्र आठवते. येथे त्याचा अर्थ निराळा आहे. परवलीचा शब्द देऊन ईमेलमध्ये प्रवेश केल्यापासून बाहेर पडेपर्यंतचा जो काळ, त्यास सत्र किंवा सेशन म्हणतात. संकेतस्थळे ज्या नियमांनी चालतात, त्यांत सर्व्हर प्रत्येक मागणी नवीच समजतो. मागची मागणी कोणी केली होती, हे त्यास आठवत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली यांनी 'कुकी'ची योजना केली. सर्व्हर आपल्या ब्राउझरला खुणेचा एक बिल्ला देतो व स्वतःच्या वहीत त्याची नोंद ठेवतो. ब्राउझर प्रत्येक मागणीबरोबर तो बिल्ला दाखवितो. बिल्ला व नोंद जुळली तर सत्र चालू राहते. दोहोंपैकी एक जरी गेली तरी सत्र संपते. म्हणून तपासणाऱ्याने प्रथम एवढेच ठरवावयाचे, की गेले ते आपल्याकडचे की सर्व्हरकडचे?

याकरिता घड्याळ व कागद एवढी सामग्री पुरते. आत गेल्याची वेळ, शेवटचे बटण दाबल्याची वेळ आणि बाहेर काढले गेल्याची वेळ, अशी नोंद चार-पाच प्रसंगी करावी. शेवटचे बटण दाबल्यापासून दर वेळी सुमारे तितक्याच मिनिटांनी सत्र तुटत असेल, तर तो सर्व्हरचा निष्क्रियतेचा नियम समजावा. पुष्कळ संकेतस्थळे पीएचपी या संगणकभाषेत लिहिलेली असतात. तिच्या मूळ मांडणीत ही मर्यादा १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटे आहे. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. आपण टंकलेखन करीत असतो, तेव्हा आपल्या मते काम चालू असते. परंतु पडद्यावर उमटणारे अक्षर सर्व्हरपर्यंत जातेच असे नाही. अर्धा तास खपून पत्र लिहिणारा शिक्षक सर्व्हरच्या दृष्टीने अर्धा तास स्वस्थ बसलेला असतो! काही ईमेल व्यवस्था दर काही मिनिटांनी मसुदा आपोआप जतन करतात व त्यामुळे सत्रही जिवंत राहते. पण संगणक झोपी गेला की हे जतन करणेही थांबते.

काम अखंड चालू असूनही प्रवेशापासून ठराविक वेळाने सत्र तुटत असेल, तर ती एकूण काळाची मर्यादा होय. ताडोबाच्या मोहर्ली फाटकातून आत जाणाऱ्या गाडीस एका फेरीपुरता परवाना मिळतो. वाघ समोर दिसत असला तरी वेळ भरताच परतावे लागते. तसाच हा प्रकार आहे.

वेळांत काहीच नियम दिसत नसेल, तर बहुधा दोष आपल्याकडचा असतो. ऊर्जानगरच्या वसाहतीतील शाळा आणि भामरागड-एटापल्लीच्या जंगलपट्ट्यातील शाळा यांची तक्रार एकच असली, तरी कारण एकच असेल असे नाही. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम करताना संपर्क तुटून पुन्हा जुळला, की संगणकाचा इंटरनेटवरील पत्ता बदलू शकतो. आणि काही सर्व्हर पत्ता बदलताच बिल्ला रद्द करतात. कुकी पुसणारा सफाईचा प्रोग्राम, खाजगी विंडो बंद करणे, दुसऱ्या टॅबमधून कोणीतरी 'बाहेर पडा' दाबणे, हीही कारणे नेहमीचीच आहेत.

घड्याळाचे कारण मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. संगणकातील लहान गोल सेल संपला, की वीज गेल्यावर तारीख कित्येक वर्षे मागे जाते. मग ब्राउझर सुरक्षिततेचा इशारा देऊन संकेतस्थळ उघडूच देत नाही. हे निदान दिसते तरी. याहून फसवा प्रकार कालविभागाचा. नव्या संगणकात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा कालविभाग राहून जातो, आणि कोणी हाताने काटे फिरवून भारतीय वेळ लावतो. पडद्यावर सकाळचे १० बरोबर दिसतात. पण आत संगणक जागतिक वेळ हिवाळ्यात साडेतेरा तास पुढची धरून बसतो. ज्या बिल्ल्यावर मुदतीची नेमकी वेळ लिहिलेली असते, तो, मुदत थोड्या तासांची असल्यास, हाती पडताच मुदत संपलेला ठरू शकतो. आत जावे व लगेच बाहेर पडावे, असे चालले असेल तर प्रथम कालविभाग पाहावा.

सत्र तुटले आणि मजकूर अजून पडद्यावर असेल, तर मागे जाण्याचे बटण दाबू नये. सर्व मजकूर निवडून त्याची नक्कल घ्यावी, नव्या टॅबमध्ये प्रवेश करावा व तेथे तो चिकटवावा. याहून बरे म्हणजे लांब पत्र आधी संगणकावरच लिहून जतन करावे आणि मगच ईमेल उघडावे. शाळेचा स्वतःचा संगणक असल्यास थंडरबर्डसारखा ईमेल प्रोग्राम वापरण्यास हरकत नाही. त्यात पत्र आपल्याच संगणकावर लिहिले जाते, आणि सर्व्हरशी जोडणी तुटली तरी मजकूर जागेवर राहतो.

सत्र संपूच नये म्हणून सेवा केंद्रातील संगणकावर परवलीचा शब्द जतन करणे, किंवा तो कागदावर लिहून पडद्यास चिकटविणे, हे उपाय मात्र मी निषिद्ध मानतो. त्या पेटीत मुलांची नावे, जाती, आधार क्रमांक व पालकांचे मोबाईल क्रमांक असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने १८ वर्षांखालील प्रत्येकास बालक मानून त्याच्या माहितीस अधिक संरक्षण दिले आहे. सत्राची मर्यादा त्रासदायक खरी, पण उघड्या राहिलेल्या संगणकास तेच एक कुलूप असते. तसेच, 'आपले सत्र संपले आहे, येथे दाबा' असे पत्रच ईमेलने आले, तर ते फसवे समजावे. खरी सूचना काम करतानाच पडद्यावर येते. आणि तेव्हाही परवलीचा शब्द देण्यापूर्वी वरच्या पट्टीतील पत्ता अक्षरशः वाचावा.

एवढे करूनही नियम सापडला नाही, तर दोष सर्व्हरकडे असू शकतो. एकाच यंत्रावर अनेक संकेतस्थळे असली व त्यांच्या नोंदी एकाच जागी ठेवलेल्या असल्या, तर कमी मुदतीचे एखादे संकेतस्थळ सफाई करताना इतरांच्याही नोंदी पुसून टाकते. हा दोष शिक्षकास दूर करता येणार नाही. अशा वेळी व्यवस्थापकाकडे तक्रार लिहिताना 'ईमेल चालत नाही' एवढ्यावर थांबू नये. वेळांचा तक्ता, ब्राउझरचे नाव, जोडणीचा प्रकार, संगणकाचा कालविभाग आणि पडद्यावर आलेल्या सूचनेचे शब्द जसेच्या तसे कळवावेत.