रील, तागडी की रोजमेळ? अभ्यास मांडायचा फॉरमॅट कसा निवडायचा



तुमच्यापैकी कोणी योगा क्लास घेतं, कोणी ट्यूशन, कोणी मुलांची खेळणी विकतं. 'सोशल मीडिया आणि मनाचं स्वास्थ्य' असा विषय आपल्या पेजवर मांडला की लोक थांबून बघतात, विश्वास बसतो. पण मांडायचं कसं? बहुतेक जण आधी रील ठरवतात आणि मग त्यात अभ्यास कोंबतात. मीही तेच केलं होतं. ती चूक आधी सांगते.

माझी चूक

मी ४० सेकंदांची रील टाकली : 'दिवसाला फक्त ३० मिनिटं सोशल मीडिया, टेन्शन गायब!' रील छान चालली. दिवाळीच्या तोंडावर फराळाच्या ऑर्डर घेणाऱ्या एका ताईंचा फोन आला. रील बघून त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपसुद्धा अर्ध्या तासावर आणलं होतं. चार नेहमीची गिऱ्हाईकं उत्तर न मिळाल्यामुळे दुसरीकडे गेली. टेन्शन गायब व्हायचं सोडा, वाढलं!

मूळ अभ्यास अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा, २०१८ सालचा. १४३ विद्यार्थी होते. एका गटाने तीन आठवडे फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट प्रत्येकी दिवसाला १० मिनिटंच वापरलं. दुसऱ्या गटाने नेहमीसारखं. पहिल्या गटाचा एकटेपणा आणि उदासी जास्त कमी झाली. पण हे कॉलेजचे विद्यार्थी होते, व्यावसायिक नव्हते. आणि व्हॉट्सअ‍ॅप त्यात नव्हतंच! हे 'पण' रीलमध्ये मावले नाहीत म्हणून मी कापले. ताईंचं नुकसान तिथे झालं.

पायरी १ : एक वाक्य लिहा, 'पण' सकट

कागदावर लिहा : कोणावर अभ्यास झाला, काय केलं, काय दिसलं, पण काय लक्षात ठेवायचं. ज्या फॉरमॅटमध्ये हा 'पण' मावत नाही, तो फॉरमॅट बाद. कितीही व्ह्यूज मिळोत.

पायरी २ : अभ्यासाचा आकार ओळखा

तीन खरे अभ्यास घेऊन बघू.

*रोजच्या सवयीचा अभ्यास : फॉरमॅट रोजमेळ.* वरच्याच अभ्यासात एक गंमत आहे. दोन्ही गट आपल्या मोबाइलमधल्या वापराचे स्क्रीनशॉट पाठवत होते. ज्यांना मर्यादा नव्हती, त्यांचीही चिंता आणि 'आपलं काहीतरी राहून जातंय' ही भीती कमी झाली. नुसती नोंद ठेवल्यानेही फायदा झाला असावा, असं संशोधकांना वाटलं. मग याची रील कशाला? २१ दिवसांचं नोंदीचं पान द्या. तीन रकाने : धंद्यासाठी किती मिनिटं, नुसतं स्क्रोल किती, रात्री मन कसं होतं. दुकानदार गल्ल्याचा हिशोब रोज लिहितो, तसाच हा वेळेचा.

*थोडं मिळालं, थोडं गेलं असा अभ्यास : फॉरमॅट तागडी.* २०१८ च्या अमेरिकन निवडणुकीआधी काही लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला सांगितलं. हा अभ्यास २०२० मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये आला. दिवसाला सरासरी तासभर वाचला, समाधान थोडं वाढलं. पण बातम्यांची माहिती कमी झाली. इथे दोन पारड्यांचं चित्र किंवा जमा-खर्चाच्या दोन बाजू असलेली पोस्ट चांगली. एकच बाजू दाखवली, तर ती जाहिरात झाली.

*छोट्या आकड्याचा अभ्यास : फॉरमॅट वस्तू.* ऑर्बेन आणि प्रझिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये साडेतीन लाखांहून जास्त किशोरवयीन मुलांची माहिती तपासली. मुलामुलांच्या समाधानात जो फरक दिसतो, त्यातला जास्तीत जास्त ०.४ टक्के भाग मोबाइल, टीव्ही, कॉम्प्युटर अशा डिजिटल वापराशी जोडता येतो, असं त्यांना दिसलं. '०.४ टक्के' वाचून डोळ्यासमोर काही येत नाही. टेबलावर हजार शेंगदाणे पसरा, त्यात चार राजमा टाका आणि फोटो काढा. पण खाली स्पष्ट लिहा : हे चार दाणे म्हणजे हजारातली चार मुलं नाहीत, फरकातला वाटा आहे. आणि हा सगळ्यांचा मिळून हिशोब आहे, एखाद्या मुलाला खूप त्रास होऊ शकतो.

बघा, एक अभ्यास म्हणतो फायदा झाला, दुसरा म्हणतो थोडाच, तिसरा म्हणतो संबंधच बारीक. एकच ओरडणारी रील या तिघांनाही न्याय देणार नाही.

पायरी ३ : बघणारा पुढे काय करणार?

व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस २४ तासांत जातं, तिथे फक्त एक प्रश्न विचारा. काउंटरवरचं पोस्टर गिऱ्हाईक पैसे देता देता वाचतं, तिथे शेंगदाण्यांचा फोटो. नोंदीचं पान मात्र हातात द्या, घरी नेऊ द्या. आणि विषय मनाचा आहे, म्हणून शेवटी टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर छापा. आपण दुकानदार आहोत, डॉक्टर नाही.

त्या ताईंना मी नंतर नोंदीचं पान दिलं. आठवड्याने म्हणाल्या, "व्हॉट्सअ‍ॅपवर माझा वेळ जातच नव्हता गं, दुसऱ्यांच्या फराळाच्या रील बघण्यात जात होता." हे त्यांचं त्यांनी शोधलं. माझ्या रीलने ते कधीच सांगितलं नसतं.

या आठवड्याचा गृहपाठ : वरचा कुठलाही एक अभ्यास घ्या. 'पण' सकट एक वाक्य लिहा. मग फॉरमॅट निवडा आणि घरातल्या एका माणसाला दाखवून विचारा, "यातून तुला काय कळलं?" त्यांच्या उत्तरात 'पण' आला, तरच पोस्ट करा.

चला, लागा कामाला. भेटू पुढच्या व्हिडिओत!