संशोधनाच्या प्रभावाचे मोजमाप : उत्तर कोकणविषयक दोन ग्रंथांच्या संदर्भात

मानव्यविद्यांतील संशोधकाचा प्रभाव कोणत्या मापाने मोजावा, हा प्रश्न विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली गुणांकपद्धती लागू केल्यानंतर अध्यापकाच्या पदोन्नतीशी थेट निगडित झाला. त्याचा विचार करताना उत्तर कोकणाशी संबंधित दोन ग्रंथ उपयुक्त ठरतात : वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये संपादिलेली 'महिकावतीची बखर' आणि ना. गो. चापेकर यांचा 'बदलापूर' (१९३३).

'एच-निर्देशांक' हे प्रचलित माप हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये सुचविले. संशोधकाच्या दहा लेखनकृतींचा प्रत्येकी किमान दहा वेळा उल्लेख झाला असेल, तर त्याचा निर्देशांक निदान दहा होतो. या गणितात एकाच ग्रंथाचे शेकडो उल्लेख झाले, तरी त्या ग्रंथामुळे निर्देशांकात एकाहून अधिक भर पडत नाही. शिवाय मराठी ग्रंथांतील व प्रबंधांतील तळटीपा आंतरराष्ट्रीय उल्लेखसूचींच्या बहुतांशी बाहेरच राहतात.

राजवाडे यांच्या बखरीचा प्रभाव दुहेरी आहे. उत्तर कोकणाच्या मध्ययुगीन इतिहासाचा अभ्यासक त्यांनी सिद्ध केलेल्या संहितेचा आधार घेतो. हा साधनाचा प्रभाव होय. राज्ये बदलत असता सामान्य जन उदासीन का राहिले, याची प्रस्तावनेतील मीमांसा मात्र वादविषय होऊ शकते. पूर्वसूरींचे मत खोडून काढण्यासाठीही त्याचा गंभीर विचार करावा लागतो; म्हणून खंडन हीदेखील प्रभावाचीच खूण मानली पाहिजे. निर्देशांकाला आधार आणि खंडन यांतील भेद कळत नाही.

चापेकरांचा प्रभाव वेगळ्या जातीचा आहे. न्यायखात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्याच गावाला अभ्यासविषय केले. एम. एन. श्रीनिवास प्रभृतींची ग्राम-अध्ययने १९५० नंतर पुढे आली, हे ध्यानात घेता या प्रयत्नाचे महत्त्व स्पष्ट होते. असा ग्रंथ निष्कर्षांइतकाच प्रश्नांच्या चौकटीमुळे टिकतो. बदलापूर कल्याणहून कर्जतच्या मार्गावर, तर वाशिंद कसाऱ्याच्या मार्गावर आहे. वाशिंदला रेल्वे १८५५ मध्येच पोहोचली. तेथील पदव्युत्तर विद्यार्थ्याने चापेकरांपासून प्रेरणा घेऊन रेल्वेने गावाचे व्यवसाय, वस्ती आणि बोली कशी बदलली याची पाहणी केली, तर ग्रंथाची पोहोच निश्चितच वाढेल. परंतु ती पाहणी छापली गेली नाही, तर कोणत्याही सूचीत एकाही अंकाची भर पडणार नाही.

यावरून मूल्यमापनासाठी चार प्रश्न सुचविता येतील : संशोधनाने नवे साधन उपलब्ध करून दिले काय? त्याची पद्धती इतरांनी स्वीकारली काय? त्याने सकारण वाद निर्माण केला काय? ज्या समाजाविषयी ते लिहिले, त्याच्यापर्यंत ते पोहोचले काय? यांची उत्तरे आकड्यांत मिळत नाहीत. त्यासाठी परीक्षकाला ग्रंथ वाचावाच लागतो. स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाला संरक्षण द्यावे, असे २०१५ च्या लायडन जाहीरनाम्यातही म्हटले आहे.

आयोगाने आपली 'केअर' ही नियतकालिकांची यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केल्याने निवडीची जबाबदारी संस्थांकडे आली आहे. विभागांनी ती वाचनाने पार पाडली नाही, तर शहापूर-मुरबाडच्या बोलींवर दहा वर्षे काम करणाऱ्या अध्यापकापेक्षा वर्षाला चार निबंध छापणाराच श्रेष्ठ ठरेल. आणि त्या बोलींची नोंद करण्यास कोणी प्रवृत्त होणार नाही.