तिला अजून वांझ म्हणू नकोस

मिरज

चि. मृणाल,

तुझ्या टेक्सासच्या कालवडींचे फोटो पुन्हा पुन्हा पाहिले. आई हेरफर्ड, बाप ब्राह्मण, अंगावर वाघासारखे पट्टे. पण लोंबते कान आणि गळ्याची पोळी पाहून मला कृष्णाकाठच आठवला. अमेरिकेत ब्राह्मण जात घडली ती गीर, कांकरेज, ओंगोल आणि आपल्या कृष्णा खोरी गुरांच्याच रक्तातून.

चौदा महिन्यांच्या झाल्या तरी अकरा जणी माजावर नाहीत, म्हणून त्या विकायच्या, असं लिहितेस. थांब. नोकरीच्या पहिल्या वर्षी अडीच वर्षांची एक खिलार कालवड मी हात घालून न तपासताच वांझ ठरवली. मालकाने विकली. सहा महिन्यांनी ती दुसऱ्याच्या गोठ्यात गाभण दिसली. त्या मालकाला तोंड दाखवायला मला फार जड गेलं.

अँगस-हेरफर्डची कालवड वर्ष-सव्वा वर्षात वयात येते. शुद्ध ब्राह्मण दीड वर्ष उलटलं तरी वाट पाहायला लावते. पहिल्या संकराची कालवड तिच्यापेक्षा बरीच लवकर येते, कारण प्रजननाच्या गुणांत संकरित जोम चांगला फळतो. पण अर्धपोटी जनावरात तो दिसत नाही. म्हणून आधी वजन कर. तिथली पोक्त गाय ५५० किलोची असेल, तर कालवड ३३० ते ३६० किलोची, म्हणजे ६० ते ६५ टक्क्यांची, व्हायला हवी. कमी भरली तर दोष खुराकाचा.

वजन भरलं असेल तर डॉक्टरांकडून तपासून घे. गर्भाशयाची शिंगं बारीक आणि ढिली लागली, तर ती अजून पोर आहे. अंडाशयावर पीतपिंड लागला, तर ती माजावर येऊन गेली आणि तुमच्या नजरेतून सुटली. ब्राह्मण रक्ताचा माज थोड्या वेळाचा, बहुधा रात्रीचा आणि मुका. शेपटीच्या मुळाशी रंग लावून ठेव, पहाटे पुसलेला दिसेल. आणि पहिल्याच माजाला भरवायची घाई नको. तिसऱ्या माजाला गर्भ जास्त ठरतो. म्हणजे भरवण्याच्या हंगामाआधी दीड महिना तरी त्या माजावर यायला हव्यात.

पहिलटकरणीला ब्राह्मण वळू मुळीच दाखवू नकोस, वासरू मोठं होऊन ती अडेल. लहान वासरं देणारा अँगस निवड.

आता या कालवडींच्या बापाकडे वळ. ज्याच्या वृषणाचा घेर लहानपणीच भरतो, त्याच्या मुली लवकर वयात येतात. पंधरा महिन्यांना किमान ३० सेंटिमीटर धरतात. ब्राह्मण वळूला तिथवर यायला उशीर लागतो, तेवढी सवलत त्याला दे.

त्या अकरा जणींची वजनं फोनवर सांगू नकोस, कागदावर लिहून पाठव. शेजारी प्रत्येकीच्या बापाचा घेर आणि तो मोजला तेव्हाचं त्याचं वयही लिही.

तुझा
अण्णाकाका